निळ्या गणवेशामागचा माणूस

हॅम्बर्गला आलो तेव्हा एक प्रश्न शेजारच्या आजींना सहज विचारला होता. जुन्या जर्मन सिनेमांत पोलीस हिरव्या कपड्यांत दिसतात, मग इथे निळे कसे? आजी हसल्या. म्हणाल्या, "शिलची आठवण आहे ती. दुसरं काही उरलं नाही त्याचं."

रोनाल्ड शिल हा इथल्या फौजदारी न्यायालयातला न्यायाधीश. गाड्यांवर ओरखडे काढणाऱ्या एका बाईला त्याने अडीच वर्षांची कैद ठोठावली. वरच्या कोर्टात ती टिकली नाही, पण तोवर वर्तमानपत्रांनी त्याचं बारसं उरकलं होतं : 'निर्दय न्यायाधीश'. रोज मथळा, रोज फोटो. 2000 साली त्याने पक्ष काढला. त्याचं लांबलचक अधिकृत नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही, सगळे 'शिल पक्ष'च म्हणत.

तक्रारी मात्र खऱ्या होत्या. मुख्य स्टेशनाभोवती उघड गर्दची विक्री चाले आणि 44 वर्षं एकाच पक्षाचं, सोशल डेमोक्रॅट्सचं राज्य. त्यात 11 सप्टेंबर 2001. विमानं आदळवणाऱ्यांपैकी मोहम्मद अता शहरातल्याच हारबुर्ग भागातल्या विद्यापीठात शिकलेला, इथल्याच मारियनश्ट्रासंमध्ये राहिलेला. बाराच दिवसांनी हॅम्बर्गमध्ये मतदान झालं, आणि जेमतेम वर्षभराच्या पक्षाला 19.4 टक्के मतं पडली! आजींच्या यजमानांचंही त्यात एक होतं. ते आजींना कळलं दोन वर्षांनी.

शिल हॅम्बर्गचा गृहमंत्री झाला (हे शहर म्हणजेच एक राज्य, आणि महापौर त्याचा प्रमुख). हिंसक गुन्हे शंभर दिवसांत निम्मे करतो म्हणाला होता. ते काही झालं नाही, गणवेश तेवढा बदलला. 2002 मध्ये तो बर्लिनच्या संसदेत बोलायला उभा राहिला आणि वेळ संपली तरी थांबेना, शेवटी माईक बंद करावा लागला. त्याच वर्षी देशभरात पक्षाला मिळाले 0.8 टक्के. (मथळ्यांवर वाढलेल्या माणसाला गावाबाहेर मथळा मिळेना.)

ऑगस्ट 2003 मध्ये महापौर ओले फॉन बॉइस्ट यांनी त्याला काढून टाकलं. माझ्या खाजगी आयुष्यावरून हा मला धमकावतो, असं त्यांनी पत्रकारांसमोर सांगितलं; शिलने धमकीचा इन्कार केला. एका दिवसात सारी हवाच फिरली. त्या डिसेंबरात पक्षानेही त्याला घालवलं. फेब्रुवारी 2004 च्या निवडणुकीत शिलच्या नव्या आघाडीला 3.1 टक्के, मूळ पक्षाला 0.4. मतं बहुतेक महापौरांच्या सीडीयू या पक्षाकडे गेली, त्यांना एकट्यालाच बहुमत मिळालं. 2007 मध्ये पक्ष विसर्जित झाला.

माणूस ब्राझीलला जाऊन राहिला. 2014 मध्ये मात्र पुन्हा घराघरांत दिसला, सेलिब्रिटींच्या 'बिग ब्रदर'मध्ये. यजमान तेव्हा हयात होते. आजी सांगतात, चॅनेल बदलायला रिमोट मागितला, तर म्हणाले, "राहू दे, बघू या काय करतो ते."