तुम्ही विचारलंत म्हणून: बुधल्याला तोंड कशाला?

घरी नवं माणूस आलं की दिवाणखान्यातल्या फळीकडे बघून विचारतंच, "अहो, हे असलं भेसूर काय करता तुम्ही? हात एवढा चांगला आहे, तर गणपती करा, पणत्या करा." अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमधली आमची मराठी मंडळी हे आपुलकीनेच विचारतात. पण चहा निवला तरी माझं उत्तर संपत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मी करते त्याला इथे 'फेस जग' म्हणतात. अरुंद गळ्याचा बुधला, मागे धरायला मूठ आणि पुढे पोटावर माणसाचा चेहरा: वटारलेले पांढरे डोळे, विचकलेले दात. मूळ शेजारच्या राज्यात, साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डमध्ये. एकोणिसाव्या शतकात तिथे स्टोनवेअरचा, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांचा, मोठा धंदा होता. मळ्यांवर मांस, चरबी, काकवी साठवायला रांजण लागत. माती खणण्यापासून भट्टी पेटवण्यापर्यंतचे कष्ट गुलामगिरीत अडकवलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांचे. चेहऱ्याचे बुधले साधारण 1850 ते 1880 या काळातले, बरेचसे जेमतेम वीतभर उंचीचे. तिथल्या एका कारखान्याच्या मालकानेच पुढे सांगितलं की 1862 च्या सुमारास त्याच्याकडची माणसं हे बुधले स्वतःच्या वेळात करत.

हे वाचलं आणि मला राहवेना. दिवसभर दुसऱ्यासाठी माती तुडवून झाल्यावर ही माणसं पुन्हा मातीच घेऊन बसत होती, आणि करत होती तेही सोपं नव्हतं. किती अवघड, ते स्वतः करायला घेतल्यावर कळलं. मला कोणी शिकवलेलं नाही. पुस्तकं आणि व्हिडिओ बघत गॅरेजातल्या चाकावर शिकले. भाजायला एका सामायिक स्टुडिओची भट्टी मिळते.

चाकावरून उतरवलेला बुधला झाकून ठेवायचा. बोट दाबलं तर ठसा उमटेल पण भिंत ढळणार नाही, इतपत सुकला की चेहरा घ्यायचा. नाकाला मातीची एक वळी, भुवयांना दुसरी, ओठांना आणखी दोन. जोडायची जागा सुईने खरवडून पातळ माती लावावी लागते. नुसतं चिकटवलेलं नाक वाळताना सुटून येतं. इथवर सरावाने जमतं. खरी कसोटी डोळ्यांची. एजफील्डच्या बुधल्यांचे डोळे आणि दात केओलिनचे, म्हणजे त्या भागात भरपूर सापडणाऱ्या पांढऱ्या मातीचे असतात, आणि बुधला वेगळ्या मातीचा. केओलिनला लवचीकपणा कमी, वळायला गेलं की कडेला फुटतं. शिवाय दोन्ही माती सारख्या आटत नाहीत. बाहेरची जास्त आटली तर पापणीला तडा जातो, आतली जास्त आटली तर डोळा खोबणीत खुळखुळतो. मी खोबण जरा खोल ठेवते, गोळी बसवते, वरून-खालून पापण्यांच्या बारीक वळ्यांनी तिला धरते आणि प्लास्टिकखाली सावकाश वाळू देते. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, लाकडाच्या राखेची. भट्टी 1250 अंशांच्या वर गेली की ती वितळून हिरवट-तपकिरी होते. डोळ्यांवर लागलेली ग्लेझ भाजण्याआधी पुसून काढायची, तरच ते पांढरे, कोरडे राहतात. नुसती थट्टा करायची असती तर त्याच मातीचे डोळे लावून कोणीही मोकळा झाला असता.

मग पांढऱ्या मातीचाच हट्ट कशाला? आफ्रिकेतून गुलाम आणायला अमेरिकेत 1808 पासून बंदी होती. तरी 1858 च्या नोव्हेंबरात 'वाँडरर' नावाच्या जहाजाने जॉर्जियाच्या जेकिल बेटावर चारशेच्या वर माणसं उतरवली. ती काँगो नदीच्या मुखाकडून आणलेली होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना एजफील्डच्या आसपास नेलं गेलं. काँगोच्या परंपरेत पांढरी माती पितरांच्या जगाशी जोडलेली आहे. अभ्यासक या बुधल्यांचा धागा तिकडे नेतात आणि मला तो पटतो.

हे सांगितलं की आपली माणसं लगेच म्हणतात, "म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून!" नव्या बांधकामावर टांगलेली काळी बाहुली त्यांना आठवते. मला ते अपुरं वाटतं. बाहुलीला कोणताही चेहरा चालतो. हे बुधले मात्र एकासारखे एक नाहीत. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये एजफील्डच्या कृष्णवर्णीय कुंभारांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे त्या काचांसमोरून मला हलवेना. ती कोणाच्या तरी ओळखीची माणसं होती, असंच मला वाटलं, आजही वाटतं.

याच एजफील्डमध्ये डेव्हिड ड्रेक होते. गुलामगिरीत असतानाच ते प्रचंड मोठे रांजण घडवत आणि ओल्या मातीत आपलं नाव, कधी दोन ओळींची कविता कोरत. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं त्या राज्यात 1834 पासून गुन्हा होता. 1857 च्या एका रांजणावर त्यांनी विचारलं आहे, माझी सगळी नात्याची माणसं कुठे असतील. हे माहीत झाल्यावर त्या चेहऱ्यांना भेसूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे ही रीत गोऱ्या कुंभारांनी उचलली. जॉर्जियात लॅनिअर मीडर्स, आमच्या नॉर्थ कॅरोलायनात व्हेल गावचे बर्लन क्रेग. दोघेही फार कसबी, आणि क्रेग तर दातांसाठी फुटक्या बशांचे तुकडे लावत. मुलांनी दारूच्या बुधल्याला हात लावू नये म्हणून त्यावर चेहरा, ही गोष्ट इथे सगळ्यांना तोंडपाठ असते. या गमतीदार गोष्टीपुढे एजफील्ड मागे पडलं, याचा मला मनापासून राग आहे.

मग मी सांगलीकडची बाई यात कुठे बसते? जुन्या बुधल्यांच्या नकला मी करत नाही. ती माणसं माझी नव्हेत आणि त्यांचं दुःखही माझं म्हणून मिरवायचं नाही. हात त्यांच्याकडून शिकते, चेहरे माझ्या माणसांचे घेते. फळीवर डावीकडे आहेत ते आमच्या गल्लीतले गिरणीवाले काका. त्यांच्या भुवया कायम पिठाने पांढऱ्या असायच्या, म्हणून त्यांना केओलिन डोळ्यांइतकंच भुवयांनाही लावलं आहे. पुढे दात असलेली माझी मोठी आत्या. ती हसते आहे, रागावलेली नाही. पाहुण्यांना हे सांगितलं की ते उठून जवळ जातात आणि मग तुमच्या काकांना कान एवढे मोठे होते का, वगैरे विचारू लागतात.

विकता का, असंही विचारतात. विकते, मोजकेच. प्रत्येकासोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी देते, त्यात एजफील्डचं नाव, ते कोणी केले आणि कोणत्या अवस्थेत केले हे असतं. घेणाऱ्याने ती माझ्यासमोर वाचावी असा माझा आग्रह असतो. ऑक्टोबरात हॅलोविनच्या सजावटीला हवेत म्हणून कोणी आलं, तर त्यांना मी देत नाही.