रिचर्ड पिअर्स आणि बिडाच्या पाईपचं इंजिन

विमान म्हटलं की राईट बंधू, हे शाळेपासून डोक्यात बसलंय आणि ते चूक पण नाही, पण मला त्या काळातला जास्त आवडणारा माणूस म्हणजे न्यूझीलंडचा शेतकरी रिचर्ड पिअर्स. साऊथ आयलंडवर टेमुकाजवळ वायटोही म्हणून गाव आहे, तिथला. जन्म १८७७. इंजिनिअरिंग शिकायची फार इच्छा होती, पण घरचा पैसा मोठ्या भावाच्या डॉक्टरकीला लागला आणि याच्या वाट्याला आली १०० एकर जमीन. शेतात याचं लक्ष कमीच, सगळा जीव वर्कशॉपमध्ये. १९०२ मध्ये एका वेगळ्याच सायकलचं पेटंट घेतलं, चालवता चालवता टायरमध्ये हवा भरली जाईल अशी सोय त्यात होती!

मग विमान. सांगाडा बांबू आणि लोखंडी नळ्यांचा, त्यावर कॅनव्हास, आणि इंजिन तर घरीच बनवलेलं. सिलेंडर दोनच, तेही बिडाच्या पाईपचे तुकडे कापून केलेले, पण प्रत्येक पिस्टनच्या दोन्ही बाजूंना स्फोट होईल अशी रचना, म्हणजे दोन सिलेंडरमध्ये चार सिलेंडरचं काम. लेथवर काम केलेल्या कोणालाही विचारा, आडगावात राहून हे एकट्याने जमवणं काय असतं ते. गावातले लोक मात्र त्याला वेडाच म्हणायचे.

३१ मार्च १९०३ च्या सुमारास हे यंत्र जमिनीवरून उठलं, थोडं अंतर गेलं आणि उंच काटेरी कुंपणात जाऊन अडकलं असं सांगतात. तारीख लोकांच्या आठवणींवरून लावलेली आहे, त्यामुळे वाद आजही चालू आहे, कारण राईट बंधूंचं उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चं. पण या वादात खुद्द पिअर्स काय म्हणाला हे कोणी बघतच नाही. १९२८ मध्ये त्याने पेपरला पत्र लिहिलं, त्यात सरळ सांगितलंय की ताशी २० मैलांना यंत्र उचललं जायचं पण एवढ्या कमी वेगात सुकाणू काम करायचं नाही, जमीन सुटली की ते आडवं फिरायचं, त्यामुळे मी काही उडालो नाही. श्रेय आयतं मिळत असताना असं लिहायला केवढं मोठं मन लागतं!

आणि पहिला नंबर नसला म्हणून काय झालं, त्याचं डिझाईन बघा ना. पंखांची एकच जोडी, पंखा पुढे, खाली तीन चाकं, आणि तोल सांभाळायला पंखांवर हलणारे पट्टे, ज्याचं पेटंट त्याने १९०६ मध्ये मागितलं. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाकंच नव्हती, ते रुळावरून सुटायचं, आणि तोलासाठी अख्खा पंख पिळावा लागायचा. आजचं छोटं विमान डोळ्यासमोर आणा आणि कोणासारखं दिसतं ते तुम्हीच ठरवा.

पुढे क्राइस्टचर्चला राहायला गेल्यावर इंजिन वर वळवून जवळजवळ सरळ उभं उडेल असं दुसरं विमान तो कित्येक वर्षं एकटाच बनवत राहिला. ते उडालं नाही, १९५३ मध्ये तो मानसिक रुग्णालयात वारला. ते विमान आता ऑकलंडच्या मोटॅट म्युझियममध्ये आहे आणि तिमारूच्या एअरपोर्टला त्याचं नाव दिलंय, तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी एकदा जाऊन नक्की बघा, इंजिनची रचना तर मुलांना आवर्जून दाखवा.