स्लीव्हनंतरचे पोट आणि पुरेसे खाणे

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, झाली आहे असे कळले, की भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "आता किती कमी खावे लागते?" प्रश्न आपुलकीचा असतो, परंतु त्यात एक गैरसमज दडलेला आहे. या शस्त्रक्रियेनंतर कमी खाण्यासाठी निदान पहिले वर्षभर काहीही करावे लागत नाही, ते आपोआप घडते. कष्ट पडतात ते पुरेसे खाण्यासाठी, पुरेसे पाणी पिण्यासाठी आणि उतरणारे वजन चरबीचेच असावे, स्नायूंचे नसावे, यासाठी. नाशिकच्या एका शाकाहारी घरात, शाळेची नोकरी सांभाळून मी हे कसे निभावले, ते या वाटेने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी माझे वजन ११२ किलो आणि उंची १५८ सेंटीमीटर होती, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४५ च्या आसपास. मधुमेह होता, रक्तदाबाची गोळी चालू होती आणि झोपेत श्वास अडकत असल्यामुळे सकाळी उठताना डोके जड असे. पथ्य, चालणे, पुन्हा पथ्य हा क्रम अनेक वर्षे करून झाल्यावर शल्यचिकित्सकांनी स्लीव्हचा पर्याय समोर ठेवला. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या या शस्त्रक्रियेत जठराचा बाहेरच्या वळणाकडचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने वेगळा करून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात, जिच्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलीटर मावते. काढलेल्या भागातच भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होत असते, त्यामुळे जागा कमी होते तशीच भूकही ओसरते. त्याच भागात आम्ल आणि बी-१२ शोषून घेण्यासाठी लागणारा घटकही तयार होतो. आतड्याला हात लावलेला नसतो, म्हणून पुष्कळांना वाटते की पोषणाची चिंता नाही. पण खाणेच इतके थोडे होते, की जे काही पोटात जाईल त्यातला प्रत्येक घास कामाचा असावा लागतो.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे यकृतावरची चरबी कमी व्हावी म्हणून अत्यंत मोजका आहार दिला होता. जठराच्या वर झाकल्यासारखा असलेला यकृताचा डावा भाग त्यामुळे आकाराने कमी होतो आणि शल्यचिकित्सकांना काम करणे सोपे जाते. शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळीच मला उभे करून चालवले, कारण पायांतल्या रक्तवाहिन्यांत गाठी होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत खरोखर मोठा असतो. पायांत घट्ट मोजे होते आणि पोटावर रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन टोचत. टाक्यांपेक्षा उजवा खांदा अधिक दुखत होता. पोट फुगवण्यासाठी भरलेला वायू पूर्णपणे निघून जाईपर्यंत ही वेदना राहते आणि फेऱ्या मारल्याने ती लवकर कमी होते, हे परिचारिकेने आधीच सांगून ठेवले होते म्हणून मी घाबरले नाही.

त्या रुग्णालयातली एक वस्तू मी आजही जपून ठेवली आहे, ती म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर मिळते तसला, रेषा आखलेला ३० मिलिलीटरचा प्लास्टिकचा पेला. तेवढे पाणी पंधरा मिनिटांत, घोट घोट घेत संपवायचे आणि मग पुन्हा भरायचा. पहिला घोट छातीच्या मध्यावरून खाली उतरताना स्पष्ट जाणवला, दुसऱ्याच्या वेळी जरा थांबावे लागले आणि तिसऱ्यानंतर जठर भरल्याची जाणीव झाली. तांब्या तोंडाला लावून पाणी पिण्याची सवय असलेल्या माणसाला दिवसभरात दीड लिटर पाणी पोटात घालणे हे मोठे काम होऊन बसते. मोबाइलवर गजर लावून मी ते केले, कारण पहिल्या महिन्यात रुग्णाला पुन्हा दाखल करावे लागण्याचे एक नेहमीचे कारण शरीरातले पाणी कमी होणे हे असते. ताप, छातीची सारखी धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी वेदना, धाप लागणे यांतले काहीही दिसले तर तत्काळ फोन करायचा, असेही बजावले होते. स्टेपलच्या रेषेतून गळती होण्याचे प्रमाण कमी असले तरी ती झाल्यास एक रात्रही थांबून चालत नाही.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ होते: गाळलेले मुगाचे कढण, पातळ ताक, साय काढलेले दूध, शहाळ्याचे पाणी आणि प्रथिनांची पावडर. पुढचे दोन आठवडे सारे काही मिक्सरमधून काढून, त्यानंतर मऊ शिजवलेले, आणि दोन महिने होत आले तसे हळूहळू घरचे जेवण. मधुमेहाचे औषध रुग्णालयातून निघतानाच निम्म्याहून कमी केले होते. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच राहिली आणि वजन उतरू लागल्यावर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी तीही कमी केली. वजन उतरत असताना जुन्या औषधांची मात्रा कधी जास्त होऊन बसते ते कळत नाही, म्हणून घरात साखर आणि रक्तदाब मोजण्याची यंत्रे असणे फार गरजेचे आहे.

खरा प्रश्न प्रथिनांचा. दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम, असे आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दिले होते. आमच्या घरी अंडे शिजत नाही. वरण-भात, पोळी-भाजी, कोशिंबीर, वाटीभर ताक या जेवणात प्रथिने असतात, परंतु ती पुरेशी मिळायला ते जेवण नेहमीच्या प्रमाणात जेवावे लागते, आणि माझ्या पोटात मावत होती जेमतेम अर्धी वाटी. हिशोब मांडला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. तीस ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, पण तिचे वरण केले की दीड वाटी होते, म्हणजे माझी निदान तीन जेवणे. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम असतात. दोनशे मिलिलीटर दुधात ६ ते ७, तर पंचवीस ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत जवळजवळ १३ ग्रॅम. वरणाच्या पाण्याने पोट भरते, पण गरज भागत नाही. म्हणून मी वरण घट्ट करू लागले, पिठल्यात किसलेले पनीर घालू लागले, सोयावड्या भिजवून, पिळून, बारीक वाटून त्यांचा खिमा आले-लसूण आणि गोडा मसाला घालून परतू लागले. दही रात्रभर फडक्यात टांगून त्याचा चक्का साखरेविना, जिरेपूड आणि मीठ लावून खाल्ला. मटकीची उसळ सुरुवातीला पचायला जड गेली. तीच मटकी साली काढून, वाटून, धिरडे करून खाल्ली तेव्हा मानवली. इतके करूनही पहिले सहा महिने पावडरीशिवाय आकडा गाठता आला नाही, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

जेवणाचा क्रमही बदलला. ताटात आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास पोळी किंवा भाकरी. जेवताना शेजारी पाण्याचे भांडे ठेवणे बंद केले. जेवणानंतर अर्ध्या तासाने पाणी. एरवी पाण्यामुळे घास लगेच पुढे सरकतो आणि भरल्याची जाणीव फार वेळ टिकत नाही. एक वाटी संपवायला मला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. भरल्याची खूण पूर्वीसारखी पोट तटतटल्याची नसते. माझ्या नाकाला पाणी येते आणि छातीत किंचित दाब जाणवतो. त्यानंतर घेतलेला एकच घास तोंडाला फेसाळ लाळ आणतो आणि उलटीवर जातो. ताज्या भाताचा चिकट घास आणि नीट न चावलेली पोळी हे दोन पदार्थ सर्वाधिक अडकतात. ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून मात्र सुरेख जाते. उलट्या काही दिवस सलग होत राहिल्या तर त्या सोसत बसू नये. थायमिन, म्हणजे बी-१, शरीरात फार साठवलेले नसते आणि ते संपले तर चालण्याचा तोल, दृष्टी आणि स्मृती यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो.

उपवासांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण आपल्याकडे तो श्रद्धेचा भाग आहे. माझी चतुर्थी आणि एकादशी लहानपणापासूनची. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याने लहानसे पोट भरते आणि प्रथिनांचा दिवस वाया जातो, शिवाय त्याचा चिकटपणा नव्या जठराला सोसत नाही. मी उपवास सोडला नाही, तर पदार्थ बदलले: दूध, चक्का, पनीर, दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची लापशी. निर्जळी उपवास मात्र कायमचा बंद केला. सासूबाईंना सुरुवातीला हे पटत नव्हते. "अगं, एवढ्याशा वाटीने काय होणार? थोडी खिचडी घे की," त्या म्हणत. एके दिवशी मी त्यांना वजनकाट्यावर पनीर मोजून, वहीत आकडे लिहून दाखवले. "आई, मला जास्त नको, हे एवढे पुरे पडायला हवे आहे," असे सांगितल्यावर वही त्यांनीच हातात घेतली. तेव्हापासून संध्याकाळी "आज किती झाले?" हे त्या विचारतात, आणि ७० च्या खाली असेल तर न बोलता दुधाचा पेला पुढे येतो.

वजन पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने उतरले आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास काटा जागच्या जागी थांबला. हे बहुतेक सर्वांच्या बाबतीत घडते. सुरुवातीला यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा व त्याच्याबरोबरचे पाणी निघून जाते, नंतर शरीर त्यातले काही पुन्हा धरून ठेवते आणि चरबी जात असूनही काटा हलत नाही. त्या दिवसांत कंबरेचे माप घेणे अधिक खरे ठरते. सर्वसाधारणपणे वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या पाव हिश्शाइतकी किंवा थोडी अधिक घट होते. माझे वजन वर्षअखेरीस ८० किलोवर आले. तक्त्याप्रमाणे मी अजूनही लठ्ठच आहे, परंतु मधुमेहाची साखर आज औषधाविना आटोक्यात आहे, रात्रीची झोप अखंड लागते आणि शाळेचा दुसरा मजला मी न थांबता चढते. यापेक्षा कमी आकडा गाठण्याचा हट्ट मी धरलेला नाही.

तिसऱ्या महिन्यानंतर केस मात्र मुठीने गेले. विंचरल्यावर फणीत राहिलेला गुंता पाहून अनेक जणी घाबरतात आणि तेले, शाम्पू, गोळ्या यांवर पैसे घालतात. वेगाने वजन उतरल्यावर केसांची मुळे एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. प्रथिने, लोह आणि जस्त पुरेसे असेल तर काही महिन्यांत केस पुन्हा येतात. माझेही आले. स्नायूंसाठी, टाके भरल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, चालण्याच्या जोडीला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे असे साधे व्यायाम सुरू केले. केवळ चालून स्नायू टिकत नाहीत.

बहुजीवनसत्त्वाची गोळी, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व, लोह आणि बी-१२ हे सारे आता जन्मभर. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे लागते आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा घेता येत नाही, म्हणून माझी लोहाची गोळी रात्रीची. विम्याबाबतही थोडे: विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ आणि जोडीला गंभीर सहव्याधी, अशा अटी पूर्ण झाल्या तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो, पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ संपलेला असेल तर. पुढची पावडर, गोळ्या आणि रक्ततपासण्या यांचा खर्च मात्र मुख्यतः आपल्यालाच करावा लागतो. तो घरखर्चात आधीच धरावा.

दुसऱ्या वर्षी भूक परतली आहे. जठर थोडे सैल होते, शरीरही कमी वजनाला जुळवून घेते. या टप्प्यावर शेव, चिवडा, बिस्किटे, फरसाण हे पदार्थ फार जपावे लागतात, कारण ते तोंडात विरघळून नळीतून सहज उतरतात आणि पोट भरतच नाही. उसळीची वाटी ज्या जठराला जड वाटते, त्याच जठरात चिवड्याचा डबा अर्धा रिता होऊ शकतो. दोन-तीन किलो वजन परत आले तेव्हा मी नवे पथ्य शोधले नाही. वही पुन्हा उघडली, प्रथिने आधी हा क्रम काटेकोर केला, चहाचे कप मोजले, आणि ते उतरले.

माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या भावाची आता हीच शस्त्रक्रिया ठरली आहे. काय काय आणून ठेवू, असे त्यांनी विचारले. छोट्या वाट्या, चहाचा चमचा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, चांगला मिक्सर, रेषा असलेला पेला आणि एक वही, एवढे मी सांगितले. पावडरीचा मोठा डबा आधी घेऊन ठेवू नका, हेही आवर्जून सांगितले, कारण शस्त्रक्रियेनंतर जिभेची चव बदलते आणि आधी आवडलेली चव नकोशी होऊ शकते. तीन-चार चवींच्या सुट्या पुड्या आणाव्यात, आणि घरी आल्यावर जी जाईल तिचा डबा मग मागवावा.