म्हशीचा काळा, मोराचा निळा

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या शनिवार पेठेतून म्हशी मिरवत निघतात, तेव्हा त्यांच्या अंगाला तेल असे चोपडलेले असते की दुपारच्या उन्हात त्या काळ्याभोर कातडीवर डोळा ठरत नाही. शिंगे रंगवलेली, गळ्यात घुंगरांचा पट्टा आणि कपाळावर मोरपिसांचा तुरा. यंदा तो तुरा पाहताना एकदम मनात आले की या म्हशीत आणि त्या पिसात रंगद्रव्य एकच आहे, मेलॅनिन. मोरपिसात निळे किंवा हिरवे असे निराळे द्रव्य मुळी नसतेच.

पीस पुस्तकात ठेवून त्याला खडूची भुकटी चारणे सर्वांनीच केले असेल. मला मात्र ते पाण्यात बुडवण्याचा नाद होता. नीट भिजले की डोळ्यातली निळाई विझून मळकट तपकिरी रंग उरे आणि वाळले की ती निमूट परत येई. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने हा प्रकार १६६५ मध्येच नोंदवून ठेवला आहे. पिसाच्या तंतूंत मेलॅनिनच्या सूक्ष्म काड्या सुमारे १५० नॅनोमीटर अंतराने जाळीसारख्या मांडलेल्या असतात, मधल्या पोकळ्यांत हवा असते, आणि त्या अंतराला जुळणारा प्रकाशच तेवढा उजळून परततो. अंतर किंचित वाढले की निळ्याचा हिरवा होतो. पोकळ्यांत पाणी शिरले की हा सगळा हिशेब बिघडतो.

म्हशीच्या कातडीत अशी जाळी नसते, म्हणून तेथे काळा तो काळाच राहतो. पण त्याआधीची घडण दोघांची सारखीच: टायरोसिन या अमिनो आम्लापासून चपटे रेणू तयार होतात, भाकरीच्या चवडीसारखे आपसूक एकावर एक बसतात, त्या थरांचे कण होतात आणि कणांचे दाणे.

माणसाच्या कातडीतही हेच दाणे असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत ते बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखी असते. फरक पडतो तो दाण्यांच्या प्रमाणाचा, आकाराचा आणि विखुरण्याचा. माझ्या धाकट्या आत्याला पाहून गेलेल्या मंडळींनी मध्यस्थाकरवी ‘मुलगी सावळी आहे’ एवढाच निरोप धाडला होता. त्यानंतर आत्याने बँकेत नोकरी धरली आणि लग्नाचा विषय घरात पुन्हा कोणाला काढू दिला नाही.