नुक्तीला गाडी लागते का?

दुपारी कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होते. दोन चकत्या आपोआप बाजूला निघाल्या. खाणारी तर आता नाशकात.

नुक्ती म्हणजे लेकीचा हॅमस्टर. पिवळी, गोल, म्हणून नुक्ती. इंदूरबाहेरच्यांनी बुंदी समजावं. लेक नोकरीला नाशिकला गेली, खोली मिळाली, आणि फोन आला, "आई, आता तिला आणून सोडा." जणू लोणच्याची बरणी! चारशेच्या वर किलोमीटर, तेही भर मार्चमध्ये.

मग रोज एक सूचना. तिचं पळायचं चाक पेटीतून काढून ठेव, गचका बसला तर तिच्याच अंगावर आदळेल. पाण्याची बाटली नको, गळून भुसा भिजतो. तहानेला काकडी दे. भुसा बदलू नकोस, तिच्याच वासाचा राहू दे. पेटी पुढच्या सीटच्या मागे, खाली, हलणार नाही अशी बसव. एसीचा झोत अंगावर नको. वाटेत पेटी उघडायची नाही, कितीही गोड बघितलं तरी.

मी म्हटलं, बुटांचं खोकं आहे की घरात, त्याला भोकं पाडू. त्यावर इतिहासाचा तास झाला. १९३० साली अलेप्पोजवळच्या एका शेतातून एक मादी आणि तिची ११ पिल्लं खणून काढली होती म्हणे. घरोघरी पाळतात ते सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे त्यांचेच वंशज. जेरुसलेमला नेल्यावर त्यातली काही लाकडी पिंजरा कुरतडून पळालीच. तर मग पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलीस? आणि एकदा का गाडीत सुटली की सीटखाली वायरी आहेतच दाताला.

ह्यांचा एकच प्रश्न होता, गाणी लावायची की नाही. नाही. आपल्याला ऐकूही येत नाहीत असले बारीक आवाज तिला ऐकू येतात, तर आपली गाणी किती बोचत असतील! हे मानपूरपर्यंत रुसून होते.

मला मात्र वेगळाच धसका होता. "ओकली तर गं?"

"आई, उंदीर-हॅमस्टर ओकूच शकत नाहीत. शरीरात सोयच नाही."

मी गप्पच झाले. कारण मी याच रस्त्यावर ओकत मोठी झाले. दर मे महिन्यात रोडवेजच्या बसने मामाकडे, धुळ्याला. निघताना आई फ्रॉकखाली, उघड्या पोटावर 'नईदुनिया'ची घडी ठेवून वरून पंचा बांधायची. का, ते विचारायचं नाही. धुळ्यात मामी आंघोळीला घ्यायची तेव्हा घामाने पोटावर उलटे मथळे उमटलेले असायचे आणि मामेभाऊ ते वाचायला धावायचे. एकदा खलघाटला नर्मदा आली. एका हातात हुंगायचं लिंबू, दुसऱ्यात देवीला द्यायचे दहा पैसे. "टाक टाक" म्हणून आई घाई करायला लागली आणि मी नर्मदामैयाला लिंबू अर्पण केलं. पुढे बिजासनचा घाट यायचा होता. असो.

आता रस्ता चकाचक झालाय. टोलवरच्या पोराने पेटीत वाकून पाहिलं, "भिया, चूहे को घुमाने ले जा रिये हो क्या?" हे कधी नव्हे ते हसले.

सेंधव्याला थांबलो. उन्हात बंद गाडीची भट्टी व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे कुणीतरी एसी चालू ठेवून आत बसणं भाग होतं. मी बसले. हे चहाला गेले.

नुक्ती करवंटीखाली शिरली होती, नुसती पाठ दिसत होती. ओकता येत नाही, बोलता येत नाही; मळमळतंय हे कळायचं तरी कसं? लेक म्हणाली होती, खाते का बघत राहा. मी चकतीकडे बघत राहिले.

सेंधव्याच्या स्टँडवर अख्खी बस चहाला उतरायची. आई कधीच उतरली नाही. माझं डोकं तिच्या मांडीवर, आणि खिडकीतून कुणी विचारलं की ती म्हणायची, "इथला चहा नाही बाई आवडत मला." आईच्या चहाच्या खोडी म्हणून मी ही गोष्ट सासरी, माहेरी, लेकीलासुद्धा कितीदा हसत सांगितली आहे.

दहा मिनिटांनी करवंटी हलली. चकतीच्या कडेवर दोन बारीक दात उमटले. मी काच खाली केली आणि ह्यांना हाक मारली, "अहो, एक कप इकडेही आणा!"