सुबाभळीचा बुडखा निघाला, वाफा अजून व्हायचाय

मे संपत आलाय, तेवढ्यात नोंद करून ठेवतो. मागच्या अंगणात भाजीचा वाफा करायचाय, तिथल्या दोन बुडख्यांपैकी सुबाभळीचा एकदाचा बाहेर आला. नारळाचा तिथेच आहे आणि तिथेच राहणार.

बरेच नवे बागवाले विचारतात, म्हणून नारळाचं आधी सांगून टाकतो. नारळाला सोटमूळ नसतं, दोरीसारख्या मुळांचा मोठा जुडगा असतो. शेंडा गेला की झाड संपलं, पुन्हा फूट येत नाही. मग उपसून काढायचा आटापिटा कशाला? आमच्या बुडख्याचा गाभा कुजून भुसभुशीत झालाय. तो कोरला, पालापाचोळा आणि माती भरली आणि त्यात ओव्याचं पान खोचलं. वाफा दोन फूट अलीकडे घेतला, विषय संपला. एवढंच बघा, की बुडखा घराच्या भिंतीला लागून नको. कुजक्या लाकडाला वाळवी लागते आणि तिला भिंत काही परकी नसते.

सुबाभूळ मात्र वेगळं प्रकरण आहे. ही मूळची मेक्सिकोकडची. चारा, सरपण आणि ओसाड जमिनी हिरव्या करायला आपल्याकडे आणली. उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी आणि त्यांच्या 'बायफ' या संस्थेनं तिचा भरपूर प्रसार केला. चाऱ्यासाठी जो तिचा गुण, तोच बागेत डोकेदुखी: कितीही छाटा, बुंध्यातून पुन्हा फुटते. नुसती जमिनीलगत कापून वर माती लोटली, तर पावसाळ्यात धुमाऱ्यांचं झुडूप उभं राहतं.

बुडखा जिवंत असेल, फूट येत असेल, तर कुदळ उचलण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्या. शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं जिवंत झाड तोडायला परवानगी लागते, झाड तुमच्या आवारात असलं तरी. आणि सोसायटीत असाल तर ड्रेनेज, वीज आणि गॅसची लाइन कुठून गेलीय हेही बघा. पहार डोळे मिटून जाते.

आता काढायचं कसं? पहिली गोष्ट, बुंधा जमिनीसपाट कापू नका. तीन-चार फूट उंची ठेवा, शेवटी तोच तुमचा दांडा होणार आहे. दुसरी गोष्ट, आपली काळी माती वाळली की दगड आणि भिजली की चिकटा. आदल्या दिवशी पाणी सोडायचं आणि वाफसा आला की खणायचं. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि टाकला तर फुटावा, असा वाफसा.

बुंध्यापासून दीडेक फुटावर गोल चर घेतला. आडवी मुळं उघडी पडली की प्रत्येक मुळावरची माती जुन्या ब्रशनं झाडून मगच करवत लावायची. मातीत करवत चालवली की दात बोथट झालेच समजा. आणि मूळ एका जागी कापून भागत नाही, दोन जागी कापून मधला तुकडा बाहेर काढायचा, म्हणजे पुढच्या मुळापर्यंत हात आणि पहार पोचते. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसल्या. एक नखानं फोडली तर आत गुलाबी. हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची ती घरं, शेंगवर्गीय झाड ना शेवटी! ती मुळं मी तिथेच मातीत सोडली.

सगळी आडवी मुळं सुटली की बुंधा आळीपाळीनं चारी बाजूंना रेटायचा. कुठल्या बाजूला अडतो ते कळतं, सोटमूळ तिकडेच. मग काळ्या दगडावर पहार टेकवून उचकटायचं आणि तिरपी करवत घालून खालून कापायचं. आमचं बागकाम करणारे काका म्हणाले, "दादा, जोर नका लावू, वजन टाका." त्यांचं ऐकलं आणि कंबर वाचली. कंपाउंडच्या भिंतीखाली गेलेलं मूळ कापून तिथेच ठेवलं, ओढलं असतं तर भिंतच हलली असती.

रॉकेल ओता, मीठ भरा, पेटवून द्या, असे सल्ले शेजारून येतातच. ज्या मातीतली मेथी खायची आहे तिच्यात रॉकेल आणि मीठ कशाला? आणि पेटवलेलं मूळ आतल्या आत धुमसत राहतं. घाई नसेल तर बुडख्याला भोकं पाडून शेणकाला ओता, ओल टिकवा आणि वर्ष-दोन वर्षं विसरून जा.

खड्ड्यातून पुण्याचा नेहमीचा खजिना निघाला: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीच्या कपच्या, गुटख्याच्या पुड्या. बिल्डरचा राडारोडा वीतभर मातीखाली झाकलेला. त्याखाली मुरूम. पांढऱ्या खड्यांवर लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे चुनखड. मोठे खडे वेचले, बारीक राहिले. इथे जास्वंदीची पानं पिवळी पडली तर नवल नको.

वाफा तीन फूट रुंद आखलाय, दोन्ही बाजूंनी हात पोचावा आणि आत पाय पडू नये म्हणून. उंची वीतभर. शेणखत पूर्ण कुजलेलंच घातलं, कच्च्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. बुडख्याच्या ढलप्या आणि भुसा आत मिसळला नाही, वर आच्छादन म्हणून ठेवलाय. कच्चं लाकूड मातीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात.

माती आधी सुधारावी म्हणून मृगाचा पाऊस झाला की भाजी नाही, हिरवळीच्या खतासाठी ताग पेरणार. दीडेक महिन्यानं फुलावर यायच्या बेताला कापून मातीत गाडायचा, गणपतीच्या आसपास मेथी-कोथिंबीर. दरम्यान पहिल्या सरीनंतर सुबाभळीचं पडलेलं बी उगवेल, ते दोन पानांवर असतानाच उपटायचं.

तागाचं बी पाव-अर्धा किलो सुटं कुठे मिळतं, कुणाला माहीत असेल तर कळवा. दुकानदार शेतकऱ्यांच्या हिशेबाची पिशवीच पुढे करतात.