होपवर चढलो, पण दोर लवकर सोडला

वेल्समधल्या एरिरीत, म्हणजे बहुतेकांना स्नोडोनिया म्हणून माहीत असलेल्या डोंगराळ भागात, इडवाल तळ्याच्या काठावर एक भलामोठा तिरपा कातळ आहे. त्यावरच्या तीन वाटांची नावं आहेत फेथ, होप आणि चॅरिटी. 1915 साली एमिली डॅनियल या बाईंनी पुढे राहून होपची पहिली चढाई केली. गेल्या जूनमध्ये मी तीच वाट चढलो.

तिची श्रेणी 'व्हेरी डिफिकल्ट'. घाबरू नका, नाव शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आज ही नवशिक्यांची श्रेणी समजतात. सुमारे 140 मीटर, चार-पाच पिचेस, म्हणजे दोराने चढायचे टप्पे. कातळात कायमचे ठोकलेले बोल्ट नाहीत. पुढचा माणूस भेगांमध्ये नट आणि कॅम, म्हणजे दोर अडकवायची धातूची साधनं, बसवत जातो, मागचा ती काढत येतो. मागचा मी होतो. जोडीदार ऑफिसातला, पन्नाशीचा, लहानपणापासून इथे चढणारा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे शेजारशेजारच्या दोन भेगा. शंभर वर्षं इथे घासत आलेल्या बुटांनी, त्यातही सुरुवातीच्या खिळे ठोकलेल्या बुटांनी, तिथला दगड देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झालाय. पाय दोनदा सटकला, पण वरून दोर ताणलेला होता, त्यामुळे मजाच आली.

माथ्यावर पोचल्या पोचल्या मी गाठ सोडली आणि पाण्याची बाटली काढली. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं.

"संपलं असं कुणी सांगितलं तुला?"

कातळ संपतो तिथे पायवाट लागत नाही. डावीकडे अजून वर सरकत, अरुंद पट्ट्यांवरून आडवं जाऊन मग खाली उतरायचं असतं. चढाई सोपी म्हणून इथे लोक निर्धास्त होतात. मी कुरकुरत पुन्हा दोर बांधला. रात्री पाऊस झाला होता. एका ओल्या पट्टीवर माझे दोन्ही पाय निसटले आणि मी पोटावर हातभर खाली गेलो. त्याने दगडाच्या एका शिंगाला दोर घातला होता, म्हणून तेवढ्यावर भागलं. पायाखालच्या उंचीची भीती म्हणतात ती काय, ते त्या क्षणी कळलं.

तळ्यापर्यंतची वाट फरसबंद आहे, लहान मुलंसुद्धा जातात. त्यामुळे कातळाच्या पायथ्याशी लोक निवांत बसून खातात, हेल्मेट न घालता. वरून दगड सुटला तर इथे "बिलो!", म्हणजे 'खाली!', असं ओरडतात. तेव्हा वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. अपघात झाला तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. येणारी माणसं स्वयंसेवक असतात. फोन लागलाच नाही तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उत्तरादाखल तीन येतात.

तळ्याकाठी हार्नेसची, म्हणजे कमरेच्या पट्ट्याची, गाठ सोडायला गेलो, तर झटका बसून ती अशी आवळली होती की बोटांनी हलेना. शेवटी जोडीदाराने नट काढायची सळई खुपसून ती उकलली, एक शब्दही न बोलता.